आत्या परदेशी, बाळ बिननावाचं

व्हेनिसच्या स्टेशनाबाहेरच्या पायऱ्यांवर बसून लेसिएली पाव खात होती, तेवढ्यात आईचा फोन आला. समोर पाणी, पाण्यावर ऊन, उन्हात माणसांची ही जत्रा. फोनमधला आईचा चेहरा पाहिला आणि घास तिच्या तोंडातच राहिला.

"फुसीची सुटका झाली," आई म्हणाली. "मुलगी आहे."

फुसी म्हणजे लेसिएलीची वहिनी, तिच्या भावाची, साइआची बायको. तिचे दिवस भरायला अजून अख्खी पानगळ जायची होती. ऑकलंडला आत्ता कुठे झाडं पिवळी पडायला लागली होती.

"इतक्यात? अगं, पण..."

"देवाला घाई झाली. आपण काय बोलणार?" आई रडत नव्हती. रडून रडून कोरड्या झालेल्या बायका जशा बोलतात, तशी खणखणीत बोलत होती. "काचेच्या पेटीत ठेवलीय. निरफणसाएवढीसुद्धा नाही गं! एवढंसं अंग आणि त्याला किती नळ्या. मला तर पेटीजवळ फिरकू देत नाहीत. लांबून बघायचं आणि देवाचं नाव घ्यायचं, एवढंच काय ते आमच्या हातात."

"आणि वहिनी?"

"ती ठीक आहे. नुसती भिंतीकडे बघत असते. लेसिएली, डॉक्टर म्हणाले, बाप्तिस्मा करायचा असेल तर फार वाट बघू नका. पाद्रीबाबा यायला तयार आहेत. सगळं तुझ्यापाशी अडलंय. नाव सांग."

शेजारी बसलेल्या मैत्रिणीने, इमोजनने, खुणेनेच विचारलं, काय झालं? लेसिएलीने नुसती मान हलवली.

"सांगते," ती आईला म्हणाली. "विचार करून सांगते."

"कर विचार. पण फार नको करूस."

आत्याचा मान म्हणजे काय, ते आपल्या बायकांना कोणी सांगायला नको. पण लेसिएलीच्या घरासारख्या, टोंगा बेटांवरून आलेल्या टोंगन घरातली आत्या बाळाच्या कानात कुर्र करून पेढे खायला मोकळी होत नाही. लग्न असो, मयत असो, तिची चटई सगळ्यांच्या वर. भावाच्या लेकरांवर तिचा शब्द आईबापाच्या आधी चालतो. ती वयाने लहान असेल, सात समुद्रांपलीकडे असेल, तरी तिने तोंड उघडल्याशिवाय पोराला नाव नाही. बापाने नाव ठेवलं तर लोक म्हणतात, बहीण मेली की काय याची?

लेसिएलीला हा मान चिकटला तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. तोवर ऑकलंडच्या मांगेरे वस्तीतल्या त्या लाकडी घरात ती आणि साइआ एका ताटात जेवत होती, एका सायकलवरून पडत होती. घराच्या मागून तो दिवसभर "लेसिएली, लेसिएली" करून ओरडायचा आणि आई म्हणायची, अरे, नाव झिजेल तिचं. मग एके दिवशी साइआचं अंथरूण मागच्या गॅरेजात गेलं. ती टीव्हीपुढे येऊन बसली की तो उठून जाऊ लागला. तिच्यासमोर एखाद्या मित्राच्या तोंडून वेडावाकडा शब्द गेला, तर तो मित्राला दंडाला धरून फाटकाबाहेर नेऊन सोडायचा. भावाने बहिणीचा आब राखायचा तो असा. थट्टा नाही, गप्पा नाहीत. दोन वर्षांनी मोठा असून तो तिला अहो-जाहो करायचा. नावाने हाक मारणं तर कधीच सुटलं होतं. काही सांगायचंच झालं तर, "आई, तिला म्हणावं, बाहेर पाऊस येतोय."

वडील लवकर गेले. आई विमानतळावर साफसफाईला जायची, साइआ शाळा सोडून गोदामात लागला, आणि पोरीने मात्र शिकायचं, हे घरात कोणी न बोलता ठरलं. ती शिकली. पूल बांधायचं शिक्षण घेऊ लागली. त्यातच सहा महिने फ्रान्समध्ये लिऑनला जाऊन शिकायची संधी आली, तेव्हा चर्चच्या बायकांनी कितीतरी शनिवार अळूच्या पानांत मटण आणि नारळाचं दूध बांधून भाजलं, विकलं, आणि तिचं तिकीट काढलं. म्हणजे ती एकट्या आईची राहिली नव्हती, अख्ख्या मंडळीची झाली होती. विमानतळावर निम्मं मांगेरे गाणी म्हणत उभं होतं. साइआ एका खांबाआड. जाता जाता त्याने आईच्या हातात एक पुडकं दिलं, "तिला द्या" म्हणून. आत किएकिए होता, बायका चर्चला जाताना कमरेला बांधतात तो झालरींचा विणलेला पट्टा. तो लेसिएलीने बॅगेच्या तळाशी ठेवला होता आणि ईस्टरच्या सुट्टीत इमोजनबरोबर युरोप बघायला निघाली तेव्हाही बरोबर घेतला होता.

आता तुम्ही म्हणाल, एक नाव सांगायला एवढा विचार कसला? हौशी आत्या तर भावाचं लग्न व्हायच्या आधीच नावं काढून ठेवतात.

लेसिएलीनेही काढून ठेवली होती. पण ती दहा वर्षांची असताना आईला आणखी एक मुलगा झाला होता. तोही असाच, वेळेच्या फार आधी. वडील इस्पितळात होते, घरी फोनपाशी लेसिएली. टोंगातल्या वावाऊ बेटावरच्या तिच्या आत्याने फोनवरून नाव सांगितलं, मायका. लेसिएली धावत इस्पितळात गेली आणि धापा टाकत वडिलांना म्हणाली, "मायका!" पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं. दिवे लागायच्या आत मायका देवाघरी गेला.

कोणी तिला काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. पण लहान मुलीच्या मनात जे एकदा बसतं ते बसतं. तिच्या लेखी मायका आजारी होता तोवर होता. तिने नाव पोचवलं आणि तो गेला. नाव म्हणजे देवाच्या दारातली चिठ्ठी. ती देवाच्या हाती पडली की आत बोलावणं येतं.

हे ती कोणाजवळ बोलली नव्हती. इंजिनियर व्हायला निघालेली मुलगी असलं काही बोलते का?

दुसऱ्या दिवशी ल्युब्लियानाची बस पकडायची होती. इमोजन म्हणाली, "तुला परत जायचं असेल तर मी काही म्हणणार नाही. लिऑनला चल, तिथून घरी."

इमोजन लेसिएलीच्याच देशातल्या टिमारूची, मेंढ्यांच्या गावची. मनाने सरळ. बारीकसारीक सगळं आधी ठरवून ठेवायची तिला खोड, तिने एवढं म्हणावं हेच मोठं होतं.

लेसिएलीने आईला फोन लावला. "मी येऊ का?"

"येऊन काय करशील?" आई म्हणाली. "आम्ही इथे एवढे सगळे कॉरिडॉरात बसून काय दिवे लावतोय? नर्सने दोनदा हाकललं. सेमीसीमामाने तिला केक खाऊ घालून गप्प केलंय."

मागून सेमीसीमामाचं डोकं फोनमध्ये घुसलं. टोंगन मामा म्हणजे भाच्यांचा खेळगडी, त्याला सगळी थट्टा माफ. "काय आत्याबाई! फिरता किती? झालं का नाव? अगं, एवढी शहरं पालथी घालतेयस, त्यातलंच एक दे! माझ्या चुलत बहिणीचं नाव लंडन आहे. बिचारी उभ्या जन्मात शेजारच्या हॅमिल्टनच्या पुढे गेली नाही. पुढचं गाव कुठलं तुझं?"

"ल्युब्लियाना."

"नको. पोरगी आधीच अशक्त आहे. तिला स्वतःचं नाव उचलायचं नाही."

लेसिएली हसली. मामाही हसला आणि हसता हसताच त्याने तोंड फिरवलं. मग फोनमध्ये नुसती त्याची पाठ दिसत राहिली.

"मामा?"

"काही नाही गं," आईचा आवाज आला. "तो असाच करतो सकाळपासून. तू तुझं फिर. नाव तेवढं दे."

ती फिरली. वसंत ऋतू काय असतो तो तिने तिथे पाहिला. मांगेरेला झाडं अशी एकदम फुलत नाहीत. ल्युब्लियानाच्या नदीकाठी चेरीची झाडं अशी फुलली होती, की झाडाला पान म्हणून दिसेना. लोक उघड्यावर बसून कॉफी पीत होते, पोरं आइस्क्रीम चाटत होती. जगात कुठे कोणी काचेच्या पेटीत आहे याची झाडांना काय खबर? इमोजन तिला किल्ला दाखवायला वर घेऊन गेली. वरून तिने खालचे पूल मोजावेत, कमानी बघाव्यात, एरवी त्यासाठीच ती आली होती. पण दर थोड्या वेळाने हात फोनकडे जायचा.

"मला एक सांग," इमोजन म्हणाली, "तुझ्या भावाला स्वतःच्या मुलीचं नाव ठेवता येत नाही?"

"कायद्याने येतं. तोंडाने येत नाही."

"मग तू ठेव ना एखादं. नावच तर आहे! मी माझ्या मांजरीचं तीनदा बदललं."

"तुझी मांजर जगली ना?"

इमोजनने आपलं आइस्क्रीम पुढे केलं. लेसिएलीने ते घेतलं आणि खाल्लं नाही, हातावर वितळू दिलं.

व्हिएन्नाच्या गाडीत बसेपर्यंत एकदा आणि गाडीत पुन्हा एकदा घरून विचारणा झाली. दुसऱ्यांदा आईचा सूर बदलला होता.

"चर्चच्या बायका विचारतात. अर्ध्या म्हणतात, आत्या मोठमोठ्या देवळांतून नाव शोधतेय, काहीतरी थोर नाव येणार. आणि अर्ध्या काय म्हणतात ते तुला सांगत नाही."

"सांग."

"म्हणतात, शिकलेल्या पोरी. युरोपात गेल्यावर कोणाची भाची आणि कोणाचं काय! आम्ही भाजलेल्या अळूवर मजा मारतेय." आईने उसासा टाकला. "मी कोणाकोणाच्या तोंडाला हात लावू? पाद्रीबाबा म्हणाले, तोवर आपण साधंसं नाव घेऊन पाणी शिंपडू, आत्याचं नाव मागाहून येईल. साइआने ऐकलं नाही. म्हणाला, बहिणीने सांगितल्याशिवाय नाही. लेकरू तिथे पेटीत, आणि हा इथे तुझा मान राखत बसलाय! पेटीवरच्या चिठ्ठीवर नुसतं लिहिलंय, फुसीची मुलगी. बिननावाची गेली तर, लेसिएली..."

लेसिएलीला ऐकवेना. डोंगरात गाडी बोगद्यात शिरली, फोन तुटला, आणि तिला त्या अंधाराचे उपकार वाटले.

तिने मनाशी कितीदा नाव घेतलं असेल! आजीचं नाव घेतलं, पुसलं. बायबलमधली सगळी नावं घेतली. फोनवर एक नाव लिहिलं, पाठवायच्या बटणावर अंगठा ठेवला आणि एकेक अक्षर मागे मागे पुसत आणलं. तिला वाटायचं, जोवर मी देत नाही तोवर देवाला तिला बोलावता यायचं नाही. काय म्हणून हाक मारेल तो? दुसरं तिच्या हातात होतं तरी काय? डॉक्टरांच्या हाती यंत्रं होती, आईच्या हाती जपमाळेसारखी घासून गुळगुळीत झालेली प्रार्थना होती. हिच्या हाती एवढं एक न दिलेलं नाव.

ईस्टरच्या रविवारी ती व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चमध्ये गेली. जीन्सवरच किएकिए बांधला. रविवारी रिकाम्या कमरेने देवापुढे जायची तिला सवय नव्हती. उंच खांब, वर कुठेतरी जाऊन मिळणारे दगड, धूप, सनईसारखं घुमणारं वाद्य. मांगेरेला एव्हाना रविवार सरतही आला असेल. सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये जाऊन, छप्पर उडेल अशा आवाजात गाऊन आले असतील. यंदा त्या गाण्यात तिच्या घरचं कोणी नसेल.

तिने गुडघे टेकले. देवापुढे बसलं की माणूस मागतो. हिला मागायचीही चोरी. 'जगव तिला' म्हणावं, तर देव विचारायचा, कोणाला जगवू? नाव सांग. मग ती नुसतीच बसून राहिली. देव काही सावकार नाही तगादा लावायला. पण अशा वेळी तो कसा दिसेल हे आपल्या मनावर असतं, त्याच्यावर नाही.

प्रार्थना संपल्यावर एका बाजूला बाप्तिस्मा सुरू झाला. बाळ चांगलं गोबरं, पांढऱ्या झग्यात बुडालेलं. पाद्र्याने आईबापांना काहीतरी विचारलं. लेसिएलीला जर्मन येत नव्हतं, पण हे कळायला भाषा कशाला लागते? नाव काय, एवढंच विचारलं होतं त्याने. आईबाप एका सुरात बोलले. पाणी पडलं तसं बाळाने असा टाहो फोडला, की सगळे हसले. बाप तर हसता हसता डोळे पुसत होता.

शेजारच्या बाकावरच्या एका म्हातारीने किएकिएच्या झालरीला हलकेच बोट लावलं आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "सुंदर आहे. कोणी दिलं?"

"भावाने."

"भाऊ चांगला आहे."

"हो," लेसिएली म्हणाली आणि तिथे बसवेना म्हणून उठली.

प्रागला पोचल्यावर इमोजन म्हणाली, "तू या पुलासाठी किती दिवस बोलत होतीस. निदान तो तरी बघ." तिला सामान घेऊन पुढे गाडीची चौकशी करायची होती, दुपारी लिऑनकडे परतायचं होतं. लेसिएली एकटीच त्या जुन्या दगडी पुलावर गेली. दोन्ही बाजूंना संतांचे पुतळे, खाली करड्या रंगाची रुंद नदी. सकाळची वेळ. लोक एका पुतळ्याच्या पायथ्याला हात लावून काहीतरी मागत होते. लाखो हातांनी तिथला धातू सोन्यासारखा लखलखीत झाला होता. तिनेही रांग धरली. तिचा नंबर आला आणि फोन वाजला.

आईचा फोन नव्हता. साइआचा होता.

साइआने तिला जन्मात फोन केला नव्हता. ती रांगेतून बाजूला होऊन कठड्याला टेकली. संपलं, तिला वाटलं. आईला सांगवलं नाही म्हणून हा सांगतोय.

फोनमध्ये त्याचा चेहरा नव्हता. त्याने फोन आभाळाकडे धरला होता. इस्पितळाचं छत दिसत होतं आणि एक लांबडा दिवा.

"मी साइआ."

"हो."

"तुम्ही जेवलात?"

"हो. तुम्ही?"

"हो."

दोघंही खोटं बोलत होते.

"ती..." लेसिएलीने विचारलं.

"आहे," तो घाईने म्हणाला. "आहे, आहे. तसं काही नाही. कालपेक्षा बरी नाही, पण आहे. मी नाव मागायला फोन केलेला नाही. सगळे म्हणतात माग, पण तो मान तुमचा आहे. तुम्ही हवा तेवढा वेळ घ्या. मला एक परवानगी हवी होती."

"कसली?"

"आज नर्सने मला पेटीच्या भोकातून हात आत घालू दिला. एकच बोट. तिने ते धरलं. नर्स म्हणाली, बोला तिच्याशी, बापाचा आवाज कळतो त्यांना. मी तोंड उघडलं... तर हाक काय मारायची? नुसता उभा राहिलो. नर्स म्हणाली, बोला ना. मग मी आपलं 'ए' म्हणालो. नंतर वाटलं, तुम्हाला विचारायला हवं होतं. तुमचं नाव येईपर्यंत 'ए' म्हटलेलं चालेल का?"

लेसिएलीला पुलावरची माणसं दिसेनाशी झाली. इतके दिवस तिने नाव मुठीत धरून ठेवलं होतं ते देवाला तिला हाक मारता येऊ नये म्हणून. देवाचं काय, त्याला काय नावाची वाण! हाक मारायला अडलं होतं ते तिच्या बापाचं. पोर एकटी पडली होती काचेत आणि तिला कोणी बोलावत नव्हतं. हात लावायची सोय नाही, हाक मारायची सोय नाही.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या भाचीला कोणी 'ए' म्हणायचं नाही."

"चुकलं माझं."

"तुमचं नाही चुकलं. थांबा जरा."

तिने फोन कठड्यावर ठेवला, खांद्यावरच्या पिशवीतून किएकिए काढला आणि तिथेच, कोटावरूनच, कमरेला बांधला. गाठ बसेना. जाणारे-येणारे बघत होते. एकाने फोटोही काढला, प्रवाशांचा काही कार्यक्रम असेल म्हणून. मग ती ताठ उभी राहिली आणि फोन उचलला.

"तिचं नाव लेसिएली."

"तुमचंच?" साइआने विचारलं.

"माझं नाव तिला द्यायचं," ती म्हणाली. "मला येता येत नाही, आले तरी काही करता येत नाही. ते तरी तिच्याजवळ राहू दे."

"पण..." साइआने शब्द शोधले. बहिणीशी अशा गोष्टी बोलायची त्याला सवय कुठे होती? "डॉक्टर काय म्हणतात ते आईने सांगितलंय ना तुम्हाला? जर ती... तर तुमचं नाव..."

"माहीत आहे. ती जिथे जाईल तिथे माझं नावही जाईल. एकटी नको जायला."

छत हललं. दिवा गेला. आणि क्षणभर, लहानपणानंतर पहिल्यांदाच, भावाचा चेहरा तिने समोरासमोर पाहिला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, वडिलांसारखा दिसायला लागलेला. त्याने मान खाली घातली.

"आम्ही ऋणी आहोत," तो म्हणाला. आत्याने नाव दिल्यावर म्हणायचं ते हेच. मग त्याची धावती पावलं ऐकू आली.

पुढचं सगळं तिने तुकड्या-तुकड्यांनी पाहिलं. फोन आता सेमीसीमामाच्या हातात होता आणि त्याला तो धड धरता येत नव्हता. पाद्रीबाबांच्या अंगात इस्पितळाचा झगा, त्यावर त्यांचा गळ्यातला पट्टा. फुसी चाकाच्या खुर्चीत. तिने फोनकडे पाहून नणंदेपुढे झुकावं तसं डोकं झुकवलं, बोलली नाही. आईने तोंडाला पदरासारखा रुमाल लावलेला. पेटी दिसली. पेटीतलं फारसं काही दिसलं नाही, नळ्या आणि एक टोपी. नर्सने कापसाचा बोळा पाण्यात बुडवून पाद्रीबाबांच्या हातात दिला.

"मामा, हात स्थिर धर," लेसिएली म्हणाली.

"धरलाय गं. पृथ्वीच हलतेय," मामा नाक ओढत म्हणाला.

पाद्रीबाबांनी नाव घेतलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाणी लावलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. व्हिएन्नातल्या बाळासारखा टाहो कोणी फोडला नाही. यंत्राचं टिकटिक तेवढं चालू राहिलं. मग चित्र अडकलं. मामाचा अंगठा अर्ध्या पडद्यावर, त्यामागे काचेचा एक कोपरा. चित्र हलेना, पण आवाज येत होता.

"बोला तिच्याशी," नर्स म्हणाली.

आणि साइआने हाक मारली. "लेसिएली."

पुलावर उभ्या असलेल्या लेसिएलीच्या अंगावर काटा आला. तो आवाज तिने घराच्या मागून ऐकला होता, सायकलच्या मागून, चिखलातून, आणि मग इतकी वर्षं ऐकला नव्हता.

"लेसिएली," साइआ म्हणाला. "लेसिएली. ऐकतेस ना?"

तिच्या ओठांवर 'ओ' आला. लहानपणी यायचा तसाच, विचार न करता. तिने तोंडावर हात दाबला. ती हाक तिची नव्हती. ओ तिने द्यायचा नव्हता.

पुलाच्या टोकाला इमोजन दोन्ही बॅगा घेऊन उभी होती, हात हलवत होती, गाडीची वेळ झाल्याचं सांगत होती. लेसिएलीने फोन कानाला घट्ट लावला. तिकडे साइआ हाका मारत होता, थांबत होता, पुन्हा मारत होता. ती कठड्याला धरून ऐकत राहिली, दुसरी लेसिएली ओ देते का.